द प्रेस्टीज (चित्रपट)

'द प्रेस्टीज' हा २००६ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील रहस्यप्रधान चित्रपट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लंडनमधील दोन जादूगारांचे वैर हा त्याचा विषय. दिग्दर्शन ख्रिस्टोफर नोलन यांचे असून पटकथा त्यांनी व त्यांचे बंधू जोनाथन नोलन यांनी लिहिली आहे. ब्रिटिश कादंबरीकार ख्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. ह्यू जॅकमन (रॉबर्ट अँजियर), क्रिश्चन बेल (आल्फ्रेड बॉर्डन), मायकेल केन (जॉन कटर), स्कार्लेट जोहान्सन (ऑलिव्हिया), रिबेका हॉल (सारा), पायपर पेराबो (ज्युलिया), अँडी सर्किस (अ‍ॅली) आणि डेव्हिड बोवी (निकोला टेस्ला) यांच्या त्यात भूमिका आहेत. चित्रपटाची लांबी १३० मिनिटे आहे.

रंगमंचावरील दोन दारांपैकी एकातून आत जायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्यातून बाहेर यायचे, एवढाच या वैराचा विषय असलेला प्रयोग. तो दोघेही करून दाखवतात. एकाचा उलगडा विलक्षण साधा आहे, पण त्यासाठी त्याने आयुष्य गहाण टाकले आहे. दुसऱ्याचा उलगडा यंत्रात आहे आणि त्याची किंमत त्याहून भयंकर आहे. चित्रपटातील रहस्य मुळात 'कसे केले' हे नसून 'त्यासाठी काय दिले' हे आहे, आणि एकदा पाहिलेला हा चित्रपट पुन्हा पाहताना वेगळाच वाटतो तो त्यामुळेच.

(पुढील मजकुरात चित्रपटाचा शेवट उघड केलेला आहे.)

नावाचा अर्थ

मराठी वाचकाला 'प्रेस्टीज' हा शब्द प्रतिष्ठा या अर्थाने परिचित आहे. इंग्रजीतही आज तोच अर्थ रूढ आहे. परंतु हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ हातचलाखी, भुलवणूक अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आपल्याकडील 'इंद्रजाल' किंवा 'नजरबंदी' हे शब्द त्या मूळ अर्थाच्या जवळचे. ज्याचे तेज पाहून डोळे दिपतात त्याला मान मिळतो, अशा वाटेने भुलवणुकीचा शब्द पुढे प्रतिष्ठेचा झाला. प्रीस्ट यांनी कादंबरीसाठी हा विसरलेला अर्थ पुन्हा उकरून काढला.

चित्रपटाच्या आरंभी कटर हा वृद्ध कारागीर जादूच्या प्रयोगाचे तीन टप्पे सांगतो. पहिला 'प्लेज', म्हणजे हमी: जादूगार एखादी साधी वस्तू दाखवतो, पक्षी किंवा माणूस, आणि ती खरी आहे याची खात्री पटवतो. दुसरा 'टर्न', म्हणजे पालट: ती वस्तू नाहीशी होते. पण नाहीशी करणे पुरेसे नसते; ती परत आणावी लागते. हा तिसरा टप्पा म्हणजे 'प्रेस्टीज'. ही परिभाषा जादूगारांच्या व्यवसायात पूर्वापार चालत आलेली आहे असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तिचे मूळ प्रीस्ट यांच्या कादंबरीतील कल्पनेत आहे. पटकथाकारांनी टप्प्यांची नावे बदलून ती अधिक नेटकी केली.

कथानक

अँजियर आणि बॉर्डन हे दोन तरुण मिल्टन नावाच्या जादूगाराकडे उमेदवारी करीत असतात. प्रेक्षकांत पेरलेली माणसे म्हणून बसायचे, बोलावले की अनोळखी असल्यासारखे रंगमंचावर जायचे आणि अँजियरची पत्नी ज्युलिया हिचे हात बांधायचे, हे त्यांचे काम. बांधलेल्या अवस्थेत ज्युलियाला पाण्याच्या टाकीत सोडले जाते आणि पडद्याआड ती गाठ सोडवून बाहेर येते. एका रात्री गाठ सुटत नाही आणि ज्युलिया सर्वांसमोर बुडून मरते. कोणती गाठ बांधली होतीस, असे अँजियर विचारतो. मला माहीत नाही, असे बॉर्डन उत्तरतो. वैर येथून सुरू होते.

पुढे बॉर्डन बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग करीत असताना अँजियर वेशांतर करून येतो व खरी गोळी झाडतो. बॉर्डनच्या डाव्या हाताची दोन बोटे जातात. त्याची परतफेड म्हणून बॉर्डन अँजियरचा पक्ष्याचा प्रयोग उधळतो आणि त्यात प्रेक्षकांतून आलेल्या एका स्त्रीचा हात जायबंदी होतो. दरम्यान बॉर्डनचा साराशी विवाह होतो, त्यांना जेस ही मुलगी होते. त्याच्यासोबत फॅलन नावाचा एक अबोल सहायक सावलीसारखा वावरू लागतो.

बॉर्डनचा दोन दारांचा प्रयोग पाहून अँजियर झपाटून जातो. कटर तिथल्या तिथे सांगतो की बॉर्डन तोतया वापरतो, दुसरा मार्गच नाही. अँजियरला ते पटत नाही. तो स्वतः रूट नावाचा, आपल्यासारखा दिसणारा एक दारुडा नट शोधून तोच प्रयोग करतो आणि तो गाजतोही. मात्र टाळ्यांचा कडकडाट होतो तेव्हा रूट वर रंगमंचावर वाकून अभिवादन करीत असतो आणि अँजियर खाली तळघरात उभा राहून तो आवाज ऐकत असतो. अँजियरच्या स्वभावाची नस या एका दृश्यात सापडते. त्याला प्रयोग नको आहे, प्रेक्षकांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य हवे आहे.

बॉर्डन रूटला फितवतो आणि अँजियरचा भर प्रयोगात पाय मोडतो. अँजियर आपली सहायिका ऑलिव्हिया हिला बॉर्डनकडे हेर म्हणून धाडतो. ती बॉर्डनच्या प्रेमात पडते, तरी त्याची सांकेतिक भाषेतील रोजनिशी आणून देते. फॅलनला जिवंत पुरून अँजियर त्या लिपीची किल्ली मिळवतो. ती किल्ली म्हणजे 'टेस्ला' हा शब्द. हेच रहस्य समजून अँजियर अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे निकोला टेस्लाकडे जातो आणि पाण्यासारखा पैसा ओतून एक यंत्र बनवून घेतो. रोजनिशीच्या शेवटच्या पानांवर मात्र बॉर्डनने थेट त्यालाच उद्देशून लिहिलेले असते की टेस्ला ही केवळ लिपीची किल्ली होती, प्रयोगाची नव्हे. थट्टा म्हणून दाखवलेल्या खोट्या वाटेच्या टोकाशी खरोखरचे यंत्र तयार झालेले असते. ते वस्तूला दुसरीकडे पोहोचवत नाही, तिची दुसरी प्रत निर्माण करते. यंत्राशेजारच्या रानात पसरलेल्या असंख्य एकसारख्या टोप्या अँजियरला हे सांगतात.

लंडनला परतून तो नवा प्रयोग लावतो, फक्त शंभर खेळ. शिपाई म्हणून आंधळी माणसे नेमतो. एका रात्री न राहवून बॉर्डन रंगमंचाखाली शिरतो तर तेथे पाण्याच्या टाकीत अँजियर बुडताना दिसतो. खुनाच्या आरोपाखाली बॉर्डनला फाशीची शिक्षा होते. तुरुंगात त्याला कळते की जेसचा सांभाळ करू पाहणारा श्रीमंत लॉर्ड कॉल्डलो म्हणजे अँजियरच आहे. बॉर्डन फासावर जातो, आणि लगोलग दुसरा बॉर्डन अँजियरला गोळी घालतो. बॉर्डन हे एक माणूस नव्हतेच. ते जुळे भाऊ होते, आलटून पालटून कधी बॉर्डन तर कधी फॅलन बनत होते. एकाचे सारावर प्रेम होते, दुसऱ्याचे ऑलिव्हियावर. एकाची बोटे गेली तेव्हा दुसऱ्याने आपली तोडून घेतली होती. साराने मात्र हे न कळताच गळफास घेतलेला असतो.

समोर ठेवलेले रहस्य

या चित्रपटाविषयीचा मुख्य वाद असा की शेवट प्रामाणिक आहे की प्रेक्षकाची फसवणूक. बॉर्डनच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. त्याचे रहस्य कधीही लपवलेले नाही. कटर ते पहिल्याच झटक्यात ओळखतो. सारा नवऱ्याला वारंवार सांगते की काही दिवशी तुझे प्रेम खरे असते, काही दिवशी नसते. बोटांची जखम बरी होत आली असताना ती पुन्हा पहिल्या दिवसासारखी ताजी पाहून ती चकित होते. आणि गाठ कोणती होती हे माहीत नाही हे बॉर्डनचे उत्तर, जे अँजियरला निर्लज्ज वाटते, ते त्या वेळी समोर उभ्या असलेल्या भावापुरते बहुधा खरेच असते.

सर्वांत बोलका पुरावा मात्र पिंजऱ्याच्या प्रयोगात आहे. पक्ष्यासह पिंजरा नाहीसा होतो, पक्षी परत येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. साराचा लहानगा भाचा तेवढा रडतो. परत आलेला पक्षी दाखवला तरी तो बधत नाही. याचा भाऊ कुठे गेला, असे तो विचारतो. पिंजरा मिटताना पहिला पक्षी खरोखर चिरडला गेलेला असतो. संपूर्ण चित्रपट त्या मुलाच्या प्रश्नात सामावलेला आहे, आणि प्रश्न विचारला जातो तेव्हा तासभरसुद्धा झालेला नसतो.

बॉर्डन आणि अँजियर एका चिनी जादूगाराचा प्रयोग पाहायला जातात तो प्रसंगही असाच. भलेमोठे काचपात्र झग्याखाली दोन पायांत धरून चालता यावे म्हणून तो माणूस रस्त्यातही पांगळ्यासारखा चालतो. बॉर्डनला हे पाहताक्षणी उमगते: खरा प्रयोग नाट्यगृहाबाहेर चालू आहे. अँजियरला त्याची कल्पनासुद्धा करवत नाही. स्वतः असे जगत असल्याखेरीज हे इतक्या लवकर कुणाला कळावे, असा प्रश्न प्रेक्षकाला त्या क्षणी पडत नाही, इतकेच.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण जादूगारांच्या धंद्याला पुरेपूर लागू पडते. बॉर्डनही एका मुलाला नाणे दाखवताना सांगतो की गुपित कळल्यावर कुणालाच त्याचे कौतुक राहत नाही. उघडलेली मूठ इतकी साधी निघते की ती आपण स्वतःच नाकारलेली असते, ही या कथेची खोच आहे.

अँजियरच्या यंत्राची गोष्ट वेगळी. तेथे हातचलाखी संपून विज्ञानकल्पना सुरू होते आणि अनेकांचा आक्षेप नेमका त्यालाच आहे. प्रत्येक खेळात दोन अँजियर निर्माण होतात. एक रंगमंचाखालच्या टाकीत बुडतो, दुसरा सज्जात प्रकटून टाळ्या घेतो. आज आपण टाकीत असू की सज्जात हे त्याला यंत्रात पाऊल ठेवताना ठाऊक नसते, असे तो मरताना सांगतो. पत्नीच्या मृत्यूनंतर कटरने त्याचे सांत्वन करताना बुडता बुडता वाचलेल्या एका खलाशाची हकीकत सांगितलेली असते: बुडणे हे घरी परतण्यासारखे वाटले, असे तो खलाशी म्हणाला होता. शेवटी कटर कबूल करतो की ते खोटे होते. खलाशाने यातनाच सांगितल्या होत्या. तोवर अँजियर असंख्य वेळा बुडालेला असतो. यंत्र पटो वा न पटो, हा प्रसंग त्याच्याशिवाय लिहिता आला नसता.

कादंबरी आणि चित्रपट

प्रीस्ट यांच्या कादंबरीला जेम्स टेट ब्लॅक स्मृती पुरस्कार व वर्ल्ड फँटसी पुरस्कार असे दोन्ही मान मिळाले. पहिला ललित साहित्याचा आणि दुसरा अद्भुतकथेचा असल्याने हा योग दुर्मीळ आहे. कादंबरी रोजनिशींच्या रूपात असून तिला आधुनिक काळातील वंशजांच्या कथेची चौकट आहे. चित्रपटाने ही चौकट पूर्णपणे गाळली आणि तिच्या जागी खुनाचा खटला व तुरुंग आणला. कादंबरीत खटलाही नाही, फाशीही नाही. तेथे वैराचा आरंभ मृतात्म्यांना बोलावण्याच्या एका बनावट बैठकीत होतो. बॉर्डन ती उधळून लावतो आणि त्या झटापटीत अँजियरच्या गर्भवती पत्नीला इजा होते.

यंत्राविषयीचा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. कादंबरीतील यंत्र वापरल्यावर मागे निर्जीव देह उरतो. चित्रपटात मागे उरणारा माणूस जिवंत असतो व त्याला मारावे लागते. त्यामुळे कादंबरीतील गूढ भयाची जागा चित्रपटात नैतिक अपराधाने घेतली आहे. रोजनिशींची कल्पना मात्र पटकथाकारांनी कौशल्याने राखली: तुरुंगातील बॉर्डन अँजियरची रोजनिशी वाचतो, तिच्यातील अँजियर बॉर्डनची रोजनिशी वाचत असतो, आणि दोन्ही लेखक आपल्या वाचकाला फसवत असतात. प्रीस्ट यांनी पुढे या चित्रपटावर 'द मॅजिक' नावाचे स्वतंत्र पुस्तक लिहिले. २०२४ साली त्यांचे निधन झाले.

निर्मिती

नोलन यांचा हा पाचवा चित्रपट. 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) आणि 'द डार्क नाइट' (२००८) या दोन भव्य चित्रपटांच्या मध्ये तो तयार झाला. छायालेखन वॉली फिस्टर, संकलन ली स्मिथ, निर्मितिसंकल्पना नेथन क्रॉली आणि संगीत डेव्हिड जुलियन यांचे आहे. कथा लंडनची असली तरी चित्रीकरण मुख्यतः लॉस एंजेलिस येथे, तेथील जुन्या नाट्यगृहांचा उपयोग करून झाले.

जादूचे सल्लागार म्हणून रिकी जे व मायकेल वेबर यांनी काम पाहिले. जे हे नामांकित पत्त्यांचे जादूगार आणि जादूच्या इतिहासाचे अभ्यासक होते. चित्रपटात मिल्टनची भूमिकाही त्यांनीच केली आहे. टेस्लाच्या भूमिकेसाठी डेव्हिड बोवी यांनी प्रथम नकार दिला होता. नोलन यांनी स्वतः जाऊन त्यांचे मन वळवले.

इतिहासाशी नाते

चित्रपटातील चिनी जादूगाराचे नाव चुंग लिंग सू असे आहे आणि येथे इतिहास पटकथेपेक्षाही विलक्षण निघतो. खरा चुंग लिंग सू चिनी नव्हताच. तो विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता. वर्षानुवर्षे तो चिनी वेशात वावरला व वार्ताहरांशी दुभाष्यामार्फत बोलत असे. खरे चिनी जादूगार चिंग लिंग फू यांचे नाव व थाट त्याने उचलला होता, आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्राचा प्रयोगही मूळचा फू यांचाच. १९०५ साली दोघेही लंडनमध्ये असताना फू यांनी त्याला चिनी असल्याचे सिद्ध करण्याचे आव्हान दिले, पण ठरलेल्या सामन्याला ते आलेच नाहीत आणि विजय तोतयाच्या पदरात पडला. मार्च १९१८ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात गोळी झेलण्याच्या प्रयोगात बंदुकीने दगा दिला. गोळी लागल्यावर तो रंगमंचावर प्रथमच इंग्रजीत बोलला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. वेष कधीही न उतरवणे आणि गोळीचा प्रयोग, असे बॉर्डनच्या कथेतील दोन्ही धागे या एका माणसाच्या चरित्रात आढळतात.

हेरगिरीलाही आधार आहे. अमेरिकन जादूगार हॅरी केलर यांनी लंडनच्या मॅस्केलिन यांचा अधांतरी तरंगण्याचा प्रयोग मिळवण्यासाठी त्यांच्याच नाट्यगृहातील पॉल व्हॅलडन यांना फोडले, असे जादूच्या इतिहासात सांगितले जाते. पिंजरा नाहीसा करण्याचा प्रयोग फ्रेंच जादूगार ब्यूआतिए द कोल्टा यांच्या नावावर आहे. त्यात पक्षी मरतो हा संशय इतका दृढ होता की १९२१ साली कार्ल हर्ट्झ या जादूगाराने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तो प्रयोग करून पक्षी जिवंत राहतो हे दाखवले. पाण्याच्या टाकीच्या बाबतीत चित्रपट काळाच्या थोडा पुढे गेला आहे. हॅरी हुडिनी यांचा पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमधून सुटण्याचा प्रयोग १९०८ सालचा, आणि काचेच्या टाकीचा १९१२ सालचा.

टेस्ला १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे खरोखरच प्रयोग करीत होते आणि कृत्रिम विजेचे प्रचंड लोळ निर्माण करीत होते. माणसांची प्रत काढणारे यंत्र अर्थातच कल्पित आहे. एडिसनच्या माणसांनी प्रयोगशाळा जाळल्याचा प्रसंगही कल्पित. टेस्ला यांची न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळा १८९५ साली जळाली होती हे खरे, पण ती वेगळी घटना होय. शिवाय एकदिश व प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहांचा झगडा १८९९ पर्यंत टेस्ला यांच्या बाजूने निकालात निघाला होता. चित्रपटात टेस्लाच्या सहायकाचे नाव अ‍ॅली आहे. डिकन्सन अ‍ॅली नावाच्या छायाचित्रकाराने कोलोरॅडोतील प्रयोगशाळेची छायाचित्रे काढली होती. विजेच्या लोळांखाली टेस्ला शांतपणे वाचत बसले आहेत हे त्यांतील प्रसिद्ध छायाचित्र एकाच काचेवर दोनदा प्रकाशन करून बनवलेले आहे. लोळ सुटत होते तेव्हा टेस्ला त्या खुर्चीत नव्हते.

प्रदर्शन आणि प्रतिसाद

चित्रपट २० ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे ४ कोटी डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १०.९ कोटी डॉलर मिळवले. त्याच्या दोनच महिने आधी नील बर्गर यांचा 'द इल्युजनिस्ट' हा व्हिएन्नातील जादूगारावरचा चित्रपट आला होता, त्यामुळे दोहोंची तुलना अटळ ठरली. दोघांत साम्य विषयापुरतेच आहे. 'द इल्युजनिस्ट' ही मुख्यतः प्रेमकथा आहे. ऑस्कर पुरस्कारांत मात्र छायालेखनाच्या गटात दोन्ही चित्रपट समोरासमोर आले. 'द प्रेस्टीज'ला कलादिग्दर्शनासाठीही नामांकन होते. दोन्ही पुरस्कार 'पॅन्स लॅबिरिन्थ' या स्पॅनिश भाषेतील चित्रपटाने नेले.

समीक्षकांचा प्रतिसाद अनुकूल असला तरी एकमुखी नव्हता. रॉजर ईबर्ट यांनी वातावरणनिर्मितीची स्तुती करून यंत्राच्या उलगड्यावर मात्र आक्षेप घेतला: जादूच्या प्रयोगाचे उत्तर हातचलाखीत हवे, तेथे चित्रपटाने लबाडी केली, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप अँजियरला लागू पडतो, बॉर्डनला नाही. आणि दोघांतील कोणाचा मार्ग खऱ्या जादूगाराचा, हा प्रश्न चित्रपटातील पात्रेही शेवटपर्यंत एकमेकांना विचारीत राहतात. कालांतराने चित्रपटाची कीर्ती वाढत गेली आणि नोलन यांच्या उत्तम कृतींत त्याची गणना होऊ लागली.

भारतात डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या 'धूम ३' या हिंदी चित्रपटात आमिर खान यांनी सर्कशीत जादूचे खेळ करणाऱ्या जुळ्या भावांची दुहेरी भूमिका केली. जगापुढे दोघे मिळून एकच माणूस म्हणून वावरतात या कल्पनेमुळे अनेक समीक्षकांनी त्याचे 'द प्रेस्टीज'शी असलेले साम्य दाखवून दिले. हिंदी चित्रपटात हा उलगडा मध्यंतराच्या सुमारास होतो आणि उरलेली कथा दोन भावांच्या नात्यावर चालते.